डोळे नसलेल्या हरणांचा ताव

अगं भिंगवाली,

परवा तुझ्या लेकीचा फोन आला. छापखान्यातले निवृत्त लोक एक पुस्तिका काढताहेत, गेलेल्या माणसांवर चार चार ओळींची. "आत्या, आईवर तुम्हीच लिहा, तुम्ही शिकलेल्या आहात," म्हणाली. शिकलेल्या माणसाला मेलेल्यांबद्दल चांगलं लिहिता येतं अशी लोकांची समजूत आहे. मी लिहून दिलं: कामात चोख, स्वभावाने शांत, एकतीस वर्षं एकाच टेबलावर. लेकीला आवडलं. मला नाही आवडलं, कारण त्यात तू कुठेच नव्हतीस. तू शांत कधी होतीस? तू घाबरलेली होतीस. लोकांना त्यातला फरक कळला नाही, आणि मीही तो कळू दिला नाही.

तेव्हा हे दुसरं, आणि थेट तुलाच. लेकीलाही वाचायला देणार आहे.

ज्यांनी तुला पाहिलेलं नाही त्यांना एवढं सांगितलं पाहिजे, की तू माझ्या धाकट्या भावाची बायको. घरात आलीस तेव्हा मी बी.ए. होऊन मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि दिसेल त्याला शिकवायची मला खोड लागली होती. तू बुटकी, कमी बोलणारी, उजवा डोळा किंचित बारीक केलेला. तो भिंगाने तसा झाला होता. लग्नाच्या आधीपासून तू पोस्टाची तिकिटं छापणाऱ्या सरकारी छापखान्यात तपासनीस होतीस. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या नव्या पडद्यांकडे बघून "डावीकडचं फूल अर्ध्या धाग्याने खाली आलंय" म्हणालीस, आणि मी तुझं नाव भिंगवाली ठेवलं. रागाने ठेवलं होतं. मग तेच राहिलं.

तुमचं काम मला पाठ आहे, इतक्या वेळा ऐकलंय. छापलेला, मागून डिंक लावलेला, भोकं पाडलेला ताव टेबलावर यायचा. एका तावावर पन्नास तिकिटं. प्रत्येक तिकीट भिंगाखालून न्यायचं. रंग सरकला असेल, शाई सांडली असेल, भोक चुकलं असेल तर निळ्या पेन्सिलीने तावावर फुली, कोपऱ्यात आपला नंबर, ताव रद्द. तुझा नंबर सतरा. चांगले ताव सुलटे ठेवायचे आणि रद्द ताव उलटे, डिंकाची बाजू वर करून, म्हणजे दोन्हींची सरमिसळ होत नाही. संध्याकाळी सगळे मोजायचे. मेळ बसल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. अ‍ॅप्रनला खिसे नाहीत. ताव उडतात म्हणून पंखे नाहीत. डबा बाहेरच्या खोलीत. आणि निघताना दाराशी झडती. झडती घेणारी बाई पिशव्या हुंगायची, म्हणून तुम्ही तिला मांजरीण म्हणायचात. तिच्यासमोर नाही.

लेक पाच वर्षांची असताना आपण सगळे प्राणिसंग्रहालयात गेलो होतो, आठवतं? रानातल्या जनावरांची माला तेव्हा नुकतीच तुमच्याकडे छापायला आली होती. हरीण, पाणमांजर, घुबड आणि कोल्हा. जिवंत हरीण तू त्याआधी पाहिलं नव्हतंस. कुंपणाशी एक नर उभा होता, डाव्या शिंगाचा एक फाटा मोडलेला. तू उजवा डोळा बारीक केलास आणि म्हणालीस, "रद्द." माझा भाऊ इतका हसला की लेक घाबरून रडायला लागली.

पुढच्याच महिन्यात तो कारखान्यात शिडीवरून पडला आणि अंथरुणाला खिळला. पाठीचा कणा. घरात पगार एकच उरला, तुझा. नवऱ्याचं औषध त्यावर, पोरीची शाळा त्यावर, घराचं भाडं त्यावर. माझा हातभार होता, पण शाळामास्तरणीचा हातभार तो केवढा असणार. तुझी नोकरी गेली असती तर तुम्ही तिघं कुठे गेला असतात हे मला आजही सांगता येणार नाही.

हे मी मुद्दाम आधी सांगितलं. म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला विचारू नये, की बाई, साधा एक कागद तो, त्याचं एवढं काय.

दिवसभर वाकून तुझी कंबर धरायची. डॉक्टरची चिठ्ठी आणि साहेबांची सही घेऊन तू बसायला एक उशी नेत होतीस, वरून कापडाची, खालून रेक्झिनची. तो आठवडा दमट होता. अशा हवेत तावांच्या कडा वळतात, म्हणून त्यांवर शिशाचं वजन ठेवतात. तुझं वजन शेजारच्या अठरा नंबरने मागून नेलं होतं. चहाची घंटा झाली. उघडे ताव सोडून जायचं नाही असा नियम, आणि वजन जागेवर नाही. तू उठलीस आणि बसायची उशी उचलून रद्द तावांच्या गठ्ठ्यावर ठेवलीस. उलटा गठ्ठा. डिंक वर. दहा मिनिटं.

बस्स, एवढीच तुझी चूक. शहाण्या माणसाच्या हातून अशी चूक होणार नाही, कारण शहाण्या माणसाला तावांची काळजीच नसते.

संध्याकाळी मेळ बसला. बसायला नको होता, पण बसला. सकाळी मोजताना दमटपणाने दोन ताव एकमेकांना चिकटून एकच म्हणून धरले गेले होते, म्हणून एक कमी असूनही आकडा जुळला. शनिवार होता. उशीचं कापड धुवायला म्हणून तू ती घरी आणलीस. मांजरिणीने नेहमीप्रमाणे चेन उघडून आत हात घातला, कापूस चाचपला, हुंगला, आणि तुला सोडलं. ती पोटात शोधत होती. ताव पाठीवर होता.

मी भावासाठी पुस्तकं घेऊन आले होते. तू मोरीशी उभी राहून उशी उलटी केलीस. मला फक्त तुझी पाठ दिसत होती. ती पाठ हलायची थांबली.

"वन्सं," तू म्हणालीस, "दार लावा."

"लावलेलंच आहे."

"कडी लावा."

मी कडी लावून आले. उशीच्या रेक्झिनवर, एक सुरकुती नाही असा, ताव बसला होता. पन्नास हरणं. वर तुझी निळी फुली, कोपऱ्यात सतरा. मी जवळ वाकून बघितलं. एकाही हरणाला डोळा नव्हता. काळ्या रंगाचा ठसा त्या तावावर उमटलाच नव्हता. शिंगं होती, कान होते, गवत होतं, आणि डोळ्याच्या जागी पिवळा कागद. तूच मला शिकवलं होतंस की तिकिटावरच्या हरणाच्या डोळ्यात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका असतो, तो नसला तर हरीण मेलेलं दिसतं. इथे ठिपका सोड, डोळाच नाही. आणि तरी ती सगळीच्या सगळी आपल्याकडे तोंड करून उभी.

"सोमवारी परत नेऊन दे," मी म्हटलं. मला सगळं सोपं वाटायचं.

"काय सांगू?"

"उशीला चिकटला म्हणून सांग. खरंच तर आहे."

"वन्सं, मेळ बसलाय. कागदावर तो ताव नाहीच. एक कमी पडला तर चोरी. एक जास्त झाला तर ती जुनी चोरी." तू हे इतक्या हळू म्हणालीस की मला ओठांवरून वाचावं लागलं. "आणि साधा ताव नाही हा. बिनडोळ्याची हरणं. तिकिटं जमवणारे लोक ह्याच्यासाठी वेडे होतात. मी तो चुकून आणला असं कोण म्हणेल? तुम्ही म्हणाल?"

नणंद होते म्हणून म्हटलं असतं. साहेब असते तर नसतं म्हटलं.

"मग जाळून टाक."

"रद्द ताव दोन साक्षीदारांसमोर जाळतात."

"दोघी आहोत की आपण."

"तुम्ही साक्षीदार नाही. तुम्ही नणंद." आणि मग, "जाळला तर मी खरीच चोर झाले ना, वन्सं. आता निदान ठेवलेला आहे."

मी तर्कशास्त्र शिकलेली, पण असल्या हट्टापुढे तर्कशास्त्र चुलीत घालावं लागतं. भिजवून काढायचाही तू नाही म्हणालीस. डिंक गेला की ताव मेला, मग तो कधीच परत देता येणार नाही. म्हणजे तेव्हाही, पहिल्या तासातच, तुझ्या मनात तो परत द्यायचा होता. आतल्या खोलीतून माझा भाऊ ओरडला, "काय कुजबुज चाललीय? माझ्या वाटणीची की काय?" त्याला सांगायचं नाही हे आपण दोघींनी न बोलता ठरवलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता.

उशी कपाटावर गेली, ताव खालच्या बाजूला. सोमवारी तू उशीशिवाय कामावर गेलीस. मांजरिणीने विचारलं, उशी कुठाय. तू म्हणालीस, फाटली, टाकून दिली. तुझ्या आयुष्यातलं पहिलं खोटं असावं ते, कारण तू ते मला तीनदा सांगितलंस आणि तिन्ही वेळा तुझी मान लाल झाली.

आणि मग तुझं ते सुरू झालं. कडी वाजली की तू आधी भिंतीशी जायचीस. पोस्टमन दारात आला तर पाकीट घ्यायला हात पुढे करायची नाहीस, मी किंवा लेक घ्यायचो. जेवायला बसलीस की तोंड कपाटाकडे. एकदा लेक खुर्चीवर चढून कपाटावरचा खेळ काढत होती, तर तू तिला एवढ्या जोरात खाली ओढलंस की तिच्या दंडावर बोटं उठली. त्या पोरीला अजून वाटतं की आई तेव्हा खुर्चीवरून पडण्याला घाबरली होती. बाळ, वाचते आहेस ना? ते तसं नव्हतं.

पंधराएक दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली. लांबच्या कुठल्या तरी गावात एका पाकिटावर बिनडोळ्याच्या हरणाचं तिकीट सापडलं होतं. फोटोही होता. मी शाळेतून थेट तुझ्याकडे आले. तू बातमी आधीच वाचली होतीस. वर्तमानपत्राची चौकोनी घडी करून त्यावर बसली होतीस.

"आपला नाही," तू म्हणालीस. "आपली पन्नास मोजली मी."

"मग?"

"दुसरा ताव. कुणाच्या तरी नजरेतून सुटला, चांगल्यांत गेला. आता चौकशी होणार. सगळ्या टेबलांची. घरी पण येणार म्हणतात."

ते आले तेव्हा तू कामावर होतीस. माझ्या शाळेला सुट्टी होती, म्हणून मी भावापाशी. खिडकीतून मला दोघं दिसले, एक जाडा आणि एक चष्मेवाला, चष्मेवाल्याच्या काखेत फाइल. आपल्याच दाराचा नंबर शोधत होते. विचार करायला वेळ नव्हता. मी कपाटावरची उशी ओढली, भावाच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. का बसले, कोण जाणे. लपवायची जागा सुचली नाही म्हणून बसले. कडी वाजली, तर उठता येईना. मी बसल्या जागेवरून ओरडले, "उघडंच आहे, ढकला."

चष्मेवाल्याने कागद दाखवला. जाड्याने कपाट उघडलं.

"आपण कोण?" चष्मेवाला.

"नणंद."

"कुणाची?"

"तिचीच. परक्या नणंदा कोणी घरात ठेवतं का?"

"बसा की साहेब," माझा भाऊ म्हणाला. त्याला कोणीही आलं की आनंद. "मी काही उठत नाही, आधीच सांगतो."

जाड्याने डबे उघडले, पुस्तकं झटकली, भावाच्या गादीखाली हात घातला. भाऊ म्हणाला, "गुदगुल्या करू नका." माझ्या तळव्यांना घाम सुटला होता आणि मला एकच सुचत होतं, की घामाने डिंक सुटतो. मी हात पदरात घेतले. चष्मेवाला फाइल वाचत होता.

"ह्या बाई कामावर उशी वापरत होत्या. आता आणत नाहीत. विचारल्यावर सांगितलं, फाटली, टाकून दिली."

"टाकून कुठली देतेय," माझा भाऊ म्हणाला. "ती सुतळीचा तोडा टाकत नाही. ही काय, ताईच्या बुडाखाली."

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. भावाला मी लहानपणी फार मारलं नाही ह्याचा मला त्या क्षणाएवढा पश्चात्ताप कधी झालेला नाही.

"जरा उठता का?" चष्मेवाला म्हणाला. आवाज मऊ होता.

वर्गावर दहा-बारा वर्षं काढली की तोंड आपलं आपण चालतं. "उठवायचं तर आणखी दोघं बोलवा," मी म्हटलं. "गुडघे धरलेत. सकाळी एकदा बसले की संध्याकाळी माझी भावजय येऊन उठवते. आणि उशी फाटलेलीच आहे. तिने काही खोटं सांगितलं नाही. हे बघा." बोलता बोलता मी डाव्या हाताने खाली चाचपलं, बाजूची शिवण सापडली, आणि नखाने टचकन उसवली. कापूस बाहेर आला. मी मूठभर ओढून त्याच्यापुढे धरला. "टाकून दिली म्हणजे मला दिली. म्हाताऱ्या होत चाललेल्या नणंदेला असंच टाकलेलं देतात."

जाडा हसला. चष्मेवाल्याने कापूस बोटांनी चुरगळला. मग तो खाली वाकला, भोकात दोन बोटं घातली, आत फिरवली. त्याचं डोकं माझ्या गुडघ्यापाशी होतं. बोटं आणि ताव ह्यांच्यामध्ये रेक्झिनचा एक पापुद्रा. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. महिना आठवत नाही, पण तारखांचे आकडे मोठे आणि लाल होते.

"बरं," तो म्हणाला आणि उठला.

ते गेल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, खरंच गुडघे धरले का गं?" मी हो म्हटलं. खरंच धरले होते. मी त्या खुर्चीवरून दोन तास उठू शकले नाही. तू आलीस, दारातच भाऊ तुला हसत हसत सगळं सांगायला लागला, जाडा कसा, चष्मेवाला कसा, ताईने कापूस कसा काढला. तू चप्पलसुद्धा काढली नाहीस. खुर्चीपाशी येऊन खाली बसलीस आणि उशीखाली हात घालून बघितलंस, ताव आहे का. मला वाटलं होतं तू मला काही तरी म्हणशील, निदान शाबास तरी.

तू म्हणालीस, "वन्सं, आता तुम्ही पण."

त्या चौकशीत अठरा नंबर सापडली. निसटलेला ताव तिच्या टेबलावरचा निघाला. चोरी नाही, नुसती नजरचूक, तरी तिला काढलं. तुझं शिशाचं वजन मागून नेणारी तीच. जाताना ते तिने तुझ्या टेबलावर परत ठेवलं, आणि त्यावर रुमाल घातला होता म्हणे. तू त्या दिवशी घरी येऊन एवढंच बोललीस, "नजरचुकीला हे. मग मला काय?" पुन्हा तो विषय काढला नाहीस. पण परत देण्याची गोष्टही त्या दिवसापासून बंद झाली.

थंडी पडली, हवा कोरडी झाली, आणि एका सकाळी ताव आपोआप सुटून कपाटावर पडला. एकही भोक फाटलं नव्हतं. तू तो दोन कोऱ्या कागदांत घालून माझ्याकडे घेऊन आलीस, पोटाशी धरून, भर रस्त्याने. माझ्याकडे जाडा शब्दकोश होता, शाळेचं बक्षीस. "तुमच्या शब्दकोशात कोण बघतंय," तू म्हणालीस. ह्यात थोडा टोमणा होता, पण खरं होतं. घरात तो उघडणारी मी एकटीच.

तेव्हापासून तू मला भेटलीस की आधी विचारायचीस, "शब्दकोश बरा आहे ना?" भावाला वाटायचं आमचं काही तरी शिक्षणाचं चाललंय. तो गेला त्या दिवशीसुद्धा, माणसं भरलेल्या घरात, तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस आणि रडता रडता तेच विचारलंस. मी म्हटलं, बरा आहे. बाजूच्या बायकांना वाटलं शब्दकोश नावाचं कोणी पोर असेल.

त्या तावानंतर तू आणखी एकोणीस वर्षं नोकरी केलीस. मोजणीच्या खोलीत बढती देत होते, नको म्हणालीस. बढतीच्या आधी माणसाची जुनी माहिती काढतात, म्हणून. लोक म्हणाले, काय समाधानी बाई. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं, सचोटीवर, आणि तुला एक चौकट दिली. काचेत एकच तिकीट. हरीण. डोळ्यासकट, पांढऱ्या ठिपक्यासकट. तुझा चेहरा मी मागच्या रांगेतून पाहिला. घरी जाऊन तू ती चौकट भिंतीकडे तोंड करून कपाटात ठेवलीस. लेकीने दोनदा बाहेर लावली, दोनदा तू काढलीस.

आणि मग गेल्या वर्षीचं तुझं आजारपण. दवाखान्यातून घरी पाठवलं तेव्हा काय ते आपल्याला कळलंच होतं. लेक औषधं आणायला गेली होती. तू मला जवळ बोलावलंस.

"वन्सं, एक काम कराल?"

"बोल."

"तो ताव नेऊन द्या. आता माझं काय करतील? पेन्शन थांबवतील, थांबवू देत. त्यांच्या हातात द्या. सतरा नंबरचा म्हणून सांगा. पावती मागा."

"पावती कशाची?"

"घेतल्याची. मला बघायची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. ताव शब्दकोशात, शब्दकोश पिशवीत. अकराच्या सुमाराला छापखान्याच्या फाटकाशी होते. मांजरीण कधीच गेलेली. तिच्या जागी एक तरणी पोरगी होती, निळा गणवेश, हातात यंत्र. माझ्या पुढे दोन माणसं. पहिल्याची पिशवी तिने टेबलावर उलटी केली. सगळं बाहेर पडलं, किल्ल्या, फडकं, गोळ्या. ती एकेक वस्तू बाजूला करत होती, घाई न करता. दुसऱ्याची पिशवी. मग मी.

"आजी, काय आहे पिशवीत?"

"शब्दकोश."

"काढा बघू."

माझा हात पिशवीच्या तोंडाशी गेला आणि तिथेच राहिला. मला त्या टेबलावर पन्नास हरणं पसरलेली दिसली, आणि तिने शिट्टी वाजवलेली, आणि लोक धावत आलेले, आणि मी सांगतेय की बाई, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एक उशी होती. त्या दिवशी खुर्चीवर बसलेली मी कुठे गेले होते, कोण जाणे. तेव्हा तुझी नोकरी होती, पोर होती, भाऊ होता. ह्या वेळी फक्त मीच होते.

"चुकून आले," मी म्हटलं. "मला दवाखान्यात जायचंय."

"दवाखाना पलीकडे, आजी," ती म्हणाली आणि बोटाने दाखवलं. चांगली मुलगी होती.

मी थेट तुझ्याकडे आले. तू उशांना टेकून बसली होतीस. दार उघडल्याचा आवाज झाला तरी तू भिंतीकडे सरकली नाहीस, वाट बघत होतीस. मी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली.

"दिला?"

"दिला."

"कुणी घेतला?"

"एका साहेबाने. तरुण आहे."

"रागावले?"

"नाही."

"पावती?"

"असल्या गोष्टीची पावती देत नाहीत म्हणाले. जुनं झालं सगळं."

तू माझ्याकडे बघितलंस, उजवा डोळा बारीक करून. एवढ्या जवळून तू माझ्याकडे कधी बघितलं नव्हतंस. मी कॅलेंडर शोधत होते, पण त्या खोलीत कॅलेंडर नव्हतं.

"बघितला का त्यांनी नीट?" तू विचारलंस. "डोळे नाहीत ते?"

"बघितला ना. भिंग लावून बघितला."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, सतरा नंबरने बरोबर पकडलं होतं."

"पकडलं होतंच," तू म्हणालीस, आणि मागे टेकलीस. तुझी मान लाल झाली, पण ह्या वेळी आनंदाने. थोड्या वेळाने लेक औषधं घेऊन आली, आणि तू तिला सांगितलंस की कपाटातली हरणाची चौकट काढून समोर लाव. तिने लावली. जाता येता तिचा पाय माझ्या पिशवीला लागला, तर म्हणाली, "आत्या, काय वजन आहे हो, काय घेऊन फिरता?"

मी पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.